जिन्यातलं टेबल

वेंडेल क्राऊसने टेबल करायला घेतलं तेव्हा मिलर्सगेट गावात त्याला कुणीही अडवलं नाही, ही त्या गावाची मोठीच चूक झाली. एरवी या गावात कुणी कुंपणाला रंग द्यायला काढला तरी चार शेजारी खिशात हात घालून उभे राहतात आणि रंगाची छटा चुकली म्हणून माना हलवतात. पण वेंडेल पडला जोड्यांच्या दुकानाचा मॅनेजर. आयुष्यभर त्याने खाली वाकून लोकांच्या पायांची मापं घेतली. असा माणूस हातात करवत धरेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे सगळे बेसावध राहिले.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं टीव्हीतून. रविवारी संध्याकाळी ट्रेडवे कुटुंबाची मालिका लागली की अख्ख्या ओहायोत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. म्हातारा ट्रेडवे म्हणजे एका अफाट रँचचा मालक. नजर पोचेल तिथवर त्याचीच गुरं, बायको वारलेली आणि तीन घोडेस्वार मुलगे. मुलगे भांडखोर. एकदा तर थोरल्याने मधल्याला गुरांच्या हौदात बुडवला होता. पण गोळीबार, वणवा, गुरं पळवणारे चोर असं सगळं आटोपलं की भाग संपता संपता चौघे लांबलचक टेबलाभोवती बसायचे. म्हातारा मांसाचे काप करता करता एक वाक्य बोलायचा, तिन्ही मुलगे हसायचे, आणि साबणाची जाहिरात लागायची.

वेंडेलचीही बायको वारली होती. त्यालाही तीन मुलगे होते. गुरं नव्हती, पण हा फरक त्याला फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. थोरला लेलँड क्लीव्हलंडला विमा कंपनीत होता, मधला डुएन गावातच पेट्रोल पंप चालवायचा, आणि धाकटा केनी घरी राहून कॉलेजला जायचा. अर्मा आजारी पडली तेव्हा डुएन रात्रंदिवस आईच्या उशाशी बसून होता. लेलँड पोचला तोवर ती गेली होती. दफन आटोपून माणसं चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचं सॅलड खात होती, तेव्हा डुएन सगळ्यांच्या देखत म्हणाला, "या या, पाहुणे आले! कुणीतरी कॉफी द्या रे यांना." लेलँडने हातातली बशी खाली ठेवली आणि टोपी घेऊन चालता झाला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. वेंडेल दोघांशी फोनवर बोलायचा, एकाला दुसऱ्याची खबर हळूच सांगू पाहायचा, आणि दोन्हीकडून लगेच हवामानाच्या गप्पा सुरू व्हायच्या.

तर अशाच एका रविवारी वेंडेल आणि केनी टीव्हीसमोर बसले होते. मांडीसमोर घडीचे छोटे पाट, त्यावर बाजारातून आणून नुसतं गरम केलेलं जेवण, आणि दोघांची तोंडं पडद्याकडे. पडद्यावरचे लोक एकमेकांकडे बघून जेवत होते आणि त्यांना बघणारे बसच्या प्रवाशांसारखे ओळीने बसले होते.

"केनी, जेवताना आपण एकमेकांचं तोंड शेवटचं कधी पाहिलं रे?"

"जाहिरातीत," केनी म्हणाला.

"त्यांच्याकडे टेबल आहे," वेंडेल गंभीरपणे म्हणाला.

"डॅड, त्यांच्याकडे संवाद लिहून देणारी माणसंही आहेत."

पण वेंडेलचं लक्ष नव्हतं. त्याच्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला टेकलेलं होतं. चौघे बसले की एकाला भिंतीकडे बघत जेवावं लागे. अशा घरात भावाभावांचं जमणार कसं? त्याने मनाशी ठरवलं की ट्रेडवेच्या टेबलाएवढं टेबल करायचं, आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी तिन्ही पोरांना त्याच्याभोवती बसवायचं. एकदा, निदान एकदा. पुढे ते काय करतील ते करोत.

लाकूड मिळवून दिलं शेजारच्या हॅल्वरसनने. हॅल्वरसन रेल्वेतून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून सगळ्या गल्लीची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली होती. गावातली बोलिंगची जागा नुकतीच मोडीत निघाली होती. ज्या लाकडी पट्टीवरून मिलर्सगेटच्या दोन पिढ्यांनी जड गोळे घरंगळवले, त्या पट्टीचा एक भलामोठा तुकडा हॅल्वरसनने पैदा केला. त्यावर नेम धरायला रंगवलेल्या बाणांच्या खुणाही तशाच होत्या.

"हे लाकूड तुझ्या नातवंडांनाही पुरेल," हॅल्वरसन म्हणाला.

"मला नातवंडं नाहीत."

"होतील की. टेबल बघून होतील."

ते धूड घराच्या बाहेरच्या बाजूने, जुन्या कोळशाच्या खिडकीतून तळघरात सरकवलं गेलं. ज्या घरात पूर्वी कोळशाची भट्टी होती त्या प्रत्येक घराला अशी एक खिडकी असते. भट्टी जाऊन गॅस आला तरी खिडकी राहते, आणि पावसाळी दिवसांत मांजरांच्या उपयोगी पडते.

मग कितीतरी आठवडे वेंडेल दुकानातून आला की कोट खुंटीला लावून तळघरात उतरे. एका पायाची उंची जास्त झाली म्हणून तो कापला, मग उरलेले तीन कापले, मग पहिला आखूड वाटला म्हणून चारही फेकून नवे केले. अंगठ्यावर हातोडी इतक्या वेळा बसली की दुकानात जोड्यांच्या नाड्या बांधायला त्याला गिऱ्हाइकांचीच मदत घ्यावी लागे. हॅल्वरसनने कसला तरी खास सरस आणून दिला. "हा लावलास की कयामतीपर्यंत सुटणार नाही," असं त्याने बजावलं, आणि हॅल्वरसनचं एवढं एकच म्हणणं पुढे अक्षरशः खरं ठरलं.

समोरच्या पेट्राकबाई भाजलेल्या नूडल्सचं भांडं घेऊन येत आणि तळघराच्या पायरीवर बसून सल्ला देत. "टेबल गोल हवं हो, वेंडेल. लांब टेबलावर माणसं लांब बसतात. मी आणि माझे मिस्टर, जन्मभर गोल टेबलावर जेवलो. एकदा म्हणून भांडण नाही."

"बाई, तो बहिरा होता," हॅल्वरसन म्हणाला.

पेट्राकबाईंनी भांडं परत नेलं. नूडल्स अजून निम्म्या बाकी होत्या, पण अपमान अपमान असतो.

खरं सांगायचं तर अर्मा गेल्यापासून वेंडेल इतका सुखात कधी नव्हता. पॉलिश कागदाने लाकूड घासता घासता तो टेबलाच्या टोकाला उभा राही आणि आपलं वाक्य जुळवत बसे. ट्रेडवे बोलतो तसं एक वाक्य हवं होतं. "मुलांनो," तो भट्टीकडे बघून म्हणे, "तुमची आई असती तर..." इथवर आलं की तो पुन्हा घासायला लागे. टेबल त्यामुळे आरशासारखं झालं, पण वाक्य काही पुरं झालं नाही.

टेबल पूर्ण झालं त्या दिवशी केनी खाली आला. त्याने चारी बाजूंनी फिरून कौतुक केलं, वाकून पाय बघितले, मग मान वळवून जिन्याकडे बघितलं.

"डॅड, हे वर कसं न्यायचं?"

ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक पायाचं माप घेतलं होतं, त्याने स्वतःच्या जिन्याचं घेतलं नव्हतं. पट्टी खिडकीतून आत आली ती आडवी, सपाट. आता तिला पाय होते, पायांना आडव्या तुळया होत्या, आणि सगळ्याला हॅल्वरसनचा सरस होता.

वेंडेल सरळमार्गी माणूस. दुसरा कुणी असता तर त्याने गुपचूप कोळशाची खिडकी फोडून मोठी केली असती. वेंडेल टाउनशिपच्या, म्हणजे गावकारभाराच्या, कचेरीत परवानगी मागायला गेला. खिडकीपलीकडच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"टेबल आत आहे की बाहेर?"

"आत आहे. बाहेर काढायचंय."

"म्हणजे घराबाहेर ठेवणार?"

"नाही, नाही. बाहेर काढून पुन्हा आत घ्यायचं. पुढच्या दाराने."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "घरी आणखी कुणी मोठं माणूस आहे का?" असं त्यांनी मायेने विचारलं. टेबल कशासाठी हे कळल्यावर मात्र त्या विरघळल्या. ट्रेडवेच्या मधल्या मुलाचं अजून लग्न का होत नाही यावर दोघांची सविस्तर चर्चा झाली, मागे रांग लागली, आणि शेवटी बाईंनी इन्स्पेक्टर पाठवायचं कबूल केलं.

प्रूइट नावाचा तो इन्स्पेक्टर हसतमुख होता. त्याने टेबलावर हात फिरवला, वा म्हटलं, आणि मग खिडकीकडे बोट केलं. "हे काय? भट्टी तर गॅसची दिसते. मग कोळशाची खिडकी उघडी कशी? ही बुजवायला हवी, मिस्टर क्राऊस."

"पण मला ती मोठी करायचीय!"

"बुजवल्यावर मोठी करायचा अर्ज करा की. पण आधी बुजवा. उघडी ठेवली तर घराला कुलूप लावेन हं," प्रूइट हसतच म्हणाला.

आणि वेंडेलने बुजवली. गवंडी बोलावून विटा बसवून घेतल्या. तळघराला जे एक मोठं तोंड होतं ते त्याने सरकारी शिक्क्यानिशी बंद केलं. हॅल्वरसन बाहेर उभा राहून बघत होता. त्याने फक्त टोपी काढली.

आता उरला जिना. वर जाताना मध्येच काटकोनात वळणारा, कठड्याचा, स्वयंपाकघरात उघडणारा. हॅल्वरसनच्या मते टेबल आधी उभं, मग तिरकं, मग "जरा बायकोला समजावतात तसं" वळवलं की सहज जाईल. फक्त खालून रेटायला दणकट खांदे हवे होते. दणकट खांदे डुएनचे होते. वेंडेलने मग आयुष्यातलं पहिलं कारस्थान रचलं. डुएनला म्हणाला, "लवकर ये, जरा ओझं उचलायचंय. आणि गाडी नको आणू, चालत ये. तब्येतीला बरं." लेलँडला म्हणाला, "जेवायलाच ये."

"डॅड, अजून कोण कोण येणार आहे?" लेलँडने फोनवर विचारलं.

"सगळे आपलेच," वेंडेल म्हणाला, आणि घाईघाईने हवामानावर आला.

तो रविवार उजाडला. पेट्राकबाईंनी अपमान विसरून टर्की ओव्हनमध्ये घातली आणि त्या चर्चला गेल्या. संध्याकाळ होऊ लागली. केनीने टीव्ही लावून ठेवला, कारण त्यांचा टीव्ही तापून चित्र धरायला फार वेळ घ्यायचा. मग केनी आणि हॅल्वरसन वरून ओढायला लागले, वेंडेल आणि डुएन खालून रेटायला लागले. टेबल उभं झालं, तिरकं झालं, वळणापर्यंत आलं, आणि तिथे त्याच्या एका पायाने कठडा पकडला. मग ना पुढे ना मागे. वरच्या बाजूला वीतभर फट उरली होती, बाकी सगळा जिना टेबलाने भरून गेला होता.

"हलवू नका!" हॅल्वरसन वरून ओरडला. "माझ्याकडे रेल्वेचा जॅक आहे. केनी, चल माझ्याबरोबर, मला एकट्याला तो उचलत नाही."

दोघे गेले. खाली वेंडेल आणि डुएन टेबलाला खांदा लावून उभे राहिले.

"डॅड, खरं सांगा, एवढं टेबल कशाला? तुम्ही दोघं तर असता."

"असू दे रे. असावं."

वर स्वयंपाकघराचं दार वाजलं. पावलं आली. वेंडेलने फटीतून पाहिलं तर त्याला फक्त जोडे दिसले. काळे, पॉलिश केलेले, टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या. ती टाच ओळखायला त्याला चेहरा लागत नव्हता. लेलँड सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आला होता. आई गेल्यापासून तो सगळीकडेच आधी पोचायचा.

"डॅड? हे काय चाललंय? ओढू का?" पण त्याच क्षणी बैठकीत ट्रेडवेच्या रँचवर गोळीबार सुरू झाला, आणि टेबलाखाली मान घालून उभ्या असलेल्या डुएनला कुणीतरी काहीतरी बोललं एवढंच कळलं.

"ओढ, ओढ," डुएन ओरडला. त्याला वाटलं, केनी परत आला.

वेंडेलने जीभ दातांखाली धरली. नाव घ्यायचं नाही. वरून ओढ लागली, खालून रेटा बसला, आणि टेबल, देवाशपथ, हललं. बोटभर हललं. पुन्हा ओढ, पुन्हा रेटा. त्याची दोन्ही पोरं एका टेबलाला हात लावून होती. अर्मा असती तर तिला हाक मारून दाखवलं असतं. वेंडेलच्या डोळ्यांना धारा लागल्या. डुएनला वाटलं, डॅडना ओझं झेपत नाही.

"तुम्ही सोडा, डॅड. मी बघतो."

वरून आवाज आला, "एक, दोन, अन्!"

लहानपणी नदीवर नाव वाहून नेताना लेलँड असंच म्हणायचा. तीनवर कधी यायचाच नाही, 'अन्' म्हणून उचलायचा, आणि डुएनच्या पायावर नाव पडायची. डुएनचे हात जागच्या जागी थांबले.

"वर कोण आहे?"

गोळीबार संपला होता. वरचे जोडे स्तब्ध झाले. "खाली कोण आहे?"

"पाहुणे आले वाटतं," डुएन म्हणाला.

"डुएन, पुरे," वेंडेल म्हणाला. "लेल, बाळा, जरा तसाच धरून..."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत, डॅड."

"मलाही नाही सांगितलं," डुएन म्हणाला. "नाहीतर कशाला आलो असतो? ये की पण. बस. आता काय, आता कुणी आजारी नाही इथे. आता यायला हरकत नाही."

"आईने मला फोनवर सांगितलं होतं," लेलँडचा आवाज फाटल्यासारखा आला. "काही नाही रे, साधं पोटाचं आहे म्हणाली. हातातलं काम संपव, रविवारी ये म्हणाली. आईच्या शब्दावर विश्वास ठेवला. एवढंच केलं मी."

"ती सगळ्यांना तेच सांगायची! मलाही रोज सांगायची, घरी जा म्हणून. मी गेलो नाही."

वेंडेलला कळलं की हीच ती वेळ. ट्रेडवे इथेच बोलतो. इतके आठवडे घासून घासून जे वाक्य जुळवलं ते आता हवं होतं. त्याने तोंड उघडलं.

"टर्की गार होईल," तो म्हणाला.

वरचे जोडे वळले. "निघतो मी, डॅड. तुमची चूक नाही. जपून राहा." पावलं लांब गेली आणि दार लागलं.

वेंडेलने फटीत हात घातला, मग डोकं घालून बघितलं. डोकं कपाळाशीच अडलं. तो खाली वाकून टेबलाच्या पायांमधून सरपटायला गेला तर आडवी तुळई आडवी आली. बाहेर गाडीचा स्टार्टर कुरकुरत होता. थंडीने इंजिन धरत नव्हतं.

डुएन पायरीवर मटकन बसला होता. त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले होते.

"शेवटचे दोन दिवस ती मला लेल म्हणत होती, डॅड," तो म्हणाला. "हात धरून म्हणायची, लेल, आलास? बरं झालं आलास. मी म्हणायचो, हो आई, आलो. काय करणार? प्रत्येक वेळी म्हणायचो, आलो. ती खूश होऊन गेली. तिच्या हिशेबी तो आला होता. आणि मी... मी होतो तिथे, डॅड. मी कुठेच नव्हतो."

वेंडेलने त्याचं डोकं पोटाशी धरलं. आणि धरता धरताच त्याच्या लक्षात आलं की हे ऐकायला हवं ते डुएनच्या बापाने नव्हे. बाहेर स्टार्टर अजून कुरकुरतच होता.

"लेल!" तो टेबलाला तोंड लावून ओरडला. "लेल, थांब! आईने तुला... लेल!" बैठकीत गुरांचा कळप उधळला होता आणि म्हातारा ट्रेडवे मुलांना हाका मारत होता. त्याचा आवाज मोठा होता, भरदार होता, आणि घरभर नीट ऐकू जात होता. वेंडेलने खांदा लावला. डुएनही उठला, त्यानेही लावला. दोघांनी मिळून जीव खाऊन रेटलं. कठडा कडाडला, पण टेबल सुटलं नाही. बाहेर इंजिनाने पेट घेतला. गाडी मागे आली, वळली, आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येईनासा झाला.

काही वेळाने मागच्या दाराने केनी आणि हॅल्वरसन जॅक घेऊन धापा टाकत आले. केनी फटीशी वाकला. त्याचे गाल थंडीने लाल झाले होते.

"डॅड, आता निघेल बघा हे. लेल अजून आला नाही का?"

वेंडेलने टेबलावरचे हात काढले.

"येऊन गेला," तो म्हणाला.